शाहू स्टेडियम ते पेठ : दीड किलोमीटरचा प्रश्न

सामना चारला असला की पेठ तीनपासूनच हलायला लागते. तालमीच्या कट्ट्यावर पोरं गोळा होतात. कुणाच्या काखेत गुंडाळलेला झेंडा, कुणाच्या गळ्यात हलगी. मग काही पायी, काही एका गाडीवर तिघं, असे सगळे शाहू स्टेडियमच्या दिशेनं सुटतात. शिवाजी पेठेतून निघालं तर अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, मंगळवार पेठेतून त्याहून कमी, आणि रविवार पेठेत तर गोल झाल्याची ओरड घरबसल्या कळते. युरोपात संघामागून परगावी जाणारा पाठीराखा हा पोलिसांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. त्याच्यासाठी वेगळ्या गाड्या, वेगळं दार, वेगळी गॅलरी, आणि सामना संपल्यावर त्याला अर्धा-पाऊण तास आतच थांबवून ठेवायची पद्धत. कोल्हापुरात हा सगळा परदौरा दीड किलोमीटरात उरकतो. दोन्हीकडचे प्रेक्षक एकाच गावचे, पुष्कळदा एकाच शाळेतले, आणि खोदून पाहिलं तर एकमेकांचे मेहुणे नाहीतर साडू निघतात.

एवढं असूनही मला आठवणाऱ्या हंगामांत असा हंगाम विरळाच, ज्यात एकदा तरी गॅलरीतून बाटल्या-दगड आले नाहीत, सामना थांबवावा लागला नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'हुल्लडबाज' हा शब्द मथळ्यात चढला नाही. हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा आहे. तालीम म्हणते, हुल्लडबाज आमचे नव्हेत. संयोजक म्हणतात, ते बाहेरून आले होते. पोलीस म्हणतात, हुल्लडबाजांची गय केली जाणार नाही. तिघांचंही म्हणणं खरं धरलं तर दगड मारले कुणी, हे कोडंच राहतं.

कोडं सोडवायचं तर आधी इथला संघ म्हणजे काय, ते पाहावं लागतं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, १९४० सालची. संस्थानच्या राजघराण्याचा या खेळावर पहिल्यापासून हात आहे. अलीकडं मालोजीराजे छत्रपती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीपर्यंत गेले. पण संघांची नावं वाचा : पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, जुना बुधवार पेठ. प्रॅक्टिस क्लबसारखं क्लब म्हणवणारं नाव एखादंच. बाकी सगळ्या तालमी आणि मंडळं. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, आणि पेठोपेठी तालमीची माती घट्ट झाली. त्याच तालमींच्या दारात पुढं फुटबॉल आला. लाल माती मागं पडली, चेंडू पुढं आला, पण ज्याला कोल्हापुरी माणूस 'ईर्षा' म्हणतो ती तशीच राहिली.

'ईर्षा' हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला मत्सर वाटेल. इथं तसा अर्थ नाही. 'ईर्षेचा सामना' म्हणजे जिद्दीचा, इरेला पेटलेला सामना, आणि अशा सामन्याला गर्दी होते हे संयोजकालाही ठाऊक असतं. गर्दीसाठी ईर्षा हवी आणि शांततेसाठी ती नको, या पेचात सगळा कोल्हापूरचा फुटबॉल उभा आहे. ईर्षेच्या पुढची पायरी खुन्नस. पहिलीत 'आम्ही जिंकणार' असतं, दुसरीत 'तुम्हाला दाखवतो'. या दोहोंमधली रेघ कधी ओलांडली जाते ते मैदानात बसलेल्याला बरोबर कळतं. घोषणा खेळाडूच्या नावाच्या असतात तोवर ईर्षा. समोरच्या पेठेच्या नावानं सुरू झाल्या की रेघ जवळ आली. आया-बहिणींवर गेल्या की ओलांडली. बाटली त्यानंतर पाच मिनिटांत येते.

दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. तालीम हा नुसता फुटबॉल क्लब नाही. तीच तालीम गणपती बसवते, तीच शिवजयंतीची मिरवणूक काढते, तिच्याच दारात रक्तदान होतं. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बाहेर काढणारी, जेवणाची पाकिटं पोचवणारी पोरं याच कट्ट्यांवरची होती. 'पेठेतली टगी पोरं' म्हणून ज्यांच्याकडं बोट दाखवलं जातं त्यांना महापुरात आपण 'आपले जवान' म्हणत होतो. दोन्ही वेळी पोरं तीच. म्हणून शाहू स्टेडियमवरचा राडा नुसता खेळाच्या खात्यावर लिहिता येत नाही. विसर्जन मिरवणुकीत पुढं कोण निघणार यावरून झालेली कुरबुर, महापालिकेच्या निवडणुकीत कुणी कुणाचं काम केलं त्याचा राग, एखाद्या डिजिटल फलकावरून पेटलेली वादावादी, असं सगळं वर्षभर साठतं आणि नव्वद मिनिटांच्या सामन्यात त्याला तोंड फुटतं. गावगुंडी, राजकारण, फुटबॉल हे तीन वेगळे कप्पे पोलिसांच्या नोंदवहीत असतील, पेठेत नाहीत.

अलीकडच्या काळानं यात तीन गोष्टींची भर घातली. पहिली भर पैशाची : नेत्यांच्या पाठबळावर मोठ्या बक्षिसांचे चषक होऊ लागले, नायजेरियासह आफ्रिकेतले खेळाडू हंगामापुरते करारानं येऊ लागले, आणि हरणं महाग झालं. दुसरी भर मोबाईलची. पूर्वी सामना संपला की वाद कट्ट्यावर थंड व्हायचा. आता हरलेल्या संघाची टर उडवणारं स्टेटस पंचाची शिट्टी वाजायच्या आत पडतं, आणि रात्री नऊला ते वाचून कुणीतरी गाडी काढतो. तिसरी भर गाड्यांची. विजयी संघाची पोरं सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या गाड्या घेऊन परत निघतात, आणि रस्ता निवडताना जवळचा निवडत नाहीत. समोरच्यांच्या तालमीवरून जाणारा निवडतात. मी पाहिलेले बहुतेक राडे गॅलरीत सुरू झाले नाहीत. ते याच परतीच्या वाटेवर, खरी कॉर्नर म्हणा, मिरजकर तिकटी म्हणा, तिथं पेटले. मैदानात शे-दीडशे पोलीस उभे असतात, आणि इकडं कोपऱ्यावर वाहतुकीचा एकटा हवालदार.

बंदोबस्ताची रीत ठरलेली आहे. हंगामाआधी बैठक होते. केएसएचे पदाधिकारी, संघांचे कारभारी, जुना राजवाडा पोलीस ठाण्याचे अधिकारी बसतात. संघाची जबाबदारी कारभाऱ्यांवर, असं ठरतं. दारावर झडती होते, पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या जातात, दोन्हीकडच्या पाठीराख्यांना वेगवेगळ्या बाजूला बसवलं जातं, चित्रीकरण होतं. राडा झालाच तर काठी चालते, आणि रात्री गुन्हा दाखल होतो. गुन्ह्याची भाषाही ठरलेली : बेकायदा जमाव, दंगा, समान उद्देश. जुन्या दंड संहितेत ही कलमं १४१ ते १४९ अशी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती १८९, १९०, १९१ झाली. जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश असतो, आणि त्याच्या उल्लंघनासाठी १३५. पुढच्या सामन्याआधी काही जणांना बोलावून शांतता राखण्याचं हमीपत्र घेतलं जातं. ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ खाली घेत, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ खाली.

कायदा तोकडा आहे असं म्हणायला इथं जागा नाही. उलट तो फार ऐसपैस आहे. समान उद्देश असलेल्या पाच माणसांचा जमाव ठरला की त्यातल्या प्रत्येकाला एकाच्या कृत्याबद्दल जबाबदार धरता येतं. फिर्यादीत सात-आठ नावं येतात आणि त्यापुढं 'व इतर पन्नास ते साठ अनोळखी'. या 'अनोळखी' शब्दाची पेठेत जितकी दहशत आहे तितकी काठीची नाही. काठीचा वळ आठ दिवसांत जातो. 'अनोळखी'त उद्या आपलं नाव येईल का, ही धास्ती महिनोन्महिने राहते. आणि ज्या पोराला ती असते तो बहुधा भरतीच्या मागे लागलेला असतो. पहाटे पळायला जाणारा, पोलीस किंवा सैन्याचा फॉर्म भरलेला. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला की त्याची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. दगड मारणारा मात्र पुष्कळदा या सगळ्याला सरावलेला असतो. त्याला नोकरीही लागायची नसते आणि सोडवायला येणारा फोनही त्याचाच लवकर येतो. मुद्दाम सांगतो, ही पोलिसांवरची एकतर्फी टीका नाही. हजारोंच्या गर्दीत दगड कुणाच्या हातून सुटला हे अंधुक चित्रीकरणावरून ठरवणं सोपं नसतं. पण जाळं एवढं मोठं टाकलं की लहान मासे अडकतात आणि मोठे फाडून जातात, हा अनुभव आहे.

एक गंमत. या बंदोबस्तवाल्यांचाही एक संघ केएसएच्या साखळीत खेळतो. कोल्हापूर पोलीस संघ मैदानात उतरला की गॅलरीतून होणारी शेरेबाजी ऐकण्यासारखी असते, आणि खाकीतले त्यांचेच सहकारी ती गालातल्या गालात हसत ऐकतात. पोलीस आणि पेठ यांच्यात शिट्टी आणि काठी सोडून दुसरं नातं असू शकतं याचा हा चालताबोलता पुरावा. त्याचा उपयोग मात्र कुणी करत नाही.

आता थोडं बाहेर बघू. आपल्याच देशात सुरुवात करायची तर कोलकात्यापासून. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. मैदानावर दोन खेळाडूंची धुसफूस, लाल कार्डं, आणि गॅलरीत एकमेकांत मिसळून बसलेले दोन्ही संघांचे प्रेक्षक. हाणामारी आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. कोलकात्यात हा दिवस अजूनही फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात. पुढं ९ डिसेंबर २०१२ ला याच दोन संघांच्या सामन्यात गॅलरीतून आलेला दगड बागानच्या रहीम नबीच्या तोंडावर बसला, बागाननं उत्तरार्धात मैदानात उतरायला नकार दिला, आणि महासंघानं क्लबवर बंदी घालून नंतर ती दंडावर उतरवली. दगड मारणारा राहिला बाजूला, शिक्षा क्लबला. हे आपल्यालाही ओळखीचं आहे.

पण कोलकात्याची मला सगळ्यांत बोलकी वाटणारी तारीख १८ ऑगस्ट २०२४. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर शहर पेटलं होतं. पोलीस बळ अपुरं पडेल या कारणानं ड्युरँड चषकातला ईस्ट बंगाल-बागान सामना रद्द झाला. तेव्हा दोन्ही संघांचे पाठीराखे एकमेकांचे झेंडे खांद्यावर घेऊन सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले, न्यायाची मागणी करत. सामना खेळवायला पोलीस नव्हते, त्या जमावावर लाठी चालवायला मात्र होते. शंभर वर्षांची खुन्नस एका दुपारी बाजूला ठेवता येते, हे त्या पोरांनी दाखवलं. महापुरात आपल्या पेठांनीही तेच केलं होतं.

इंग्लंडचं उदाहरण आपल्याकडं नेहमी अर्धवट सांगितलं जातं. 'तिकडं कसं कडक कायदे करून हुल्लडबाजी मोडली' एवढंच. पूर्ण गोष्ट अशी : २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर चाल केली, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली. इंग्लिश क्लबांना युरोपातून पाच वर्षं हाकललं गेलं, लिव्हरपूलला सहा. तेव्हापासून इंग्लंडच्या पोलिसांच्या डोळ्यांत प्रत्येक पाठीराखा, त्यातही परगावाहून आलेला, संशयित ठरला. जाळीच्या पिंजऱ्यात त्याला उभं करायचं ही पद्धत पक्की झाली. चारच वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ ला, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर परगावाहून आलेल्या लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना आधीच भरलेल्या पिंजऱ्यात सोडलं गेलं आणि ते जाळीशी चिरडले गेले. बळींचा आकडा आज ९७ धरतात. पोलिसांनी दारुड्या पाठीराख्यांवर खापर फोडलं, साक्षी बदलल्या, आणि मेलेल्यांच्या नातलगांना खरं काय ते वदवून घ्यायला २०१६ उजाडलं. त्या वर्षी ज्यूरीनं निकाल दिला की हे मृत्यू बेकायदा होते आणि त्यात प्रेक्षकांचा दोष नव्हता. दुर्घटनेच्या चौकशीनंतर आलेल्या जानेवारी १९९० च्या टेलर अहवालात ७६ शिफारशी होत्या. जाळ्या निघाल्या, खुर्च्या आल्या, प्रशिक्षित स्वयंसेवक आले, दारं मोजून उघडायची शिस्त आली. बंदी आली ती न्यायालयाच्या हुकमानं, नाव-गाव असलेल्या एकेका माणसावर. पेठेवर नाही, क्लबवर नाही.

तिकडच्या कडकपणातला हा भाग आपण उचलला नाही. आपण उचलला तो जाळीचा.

काठीवाल्या बंदोबस्ताचं टोक पाहायचं असेल तर इंडोनेशियातल्या मलंग गावचं नाव घ्यावं लागतं. १ ऑक्टोबर २०२२. कंजुरुहान स्टेडियममध्ये अरेमा संघ आपल्या जुन्या वैऱ्याकडून, सुराबायाच्या संघाकडून, हरला. दंगा नको म्हणून सुराबायाच्या पाठीराख्यांना त्या दिवशी येऊच दिलं नव्हतं. म्हणजे भांडायला समोर कुणी नव्हतं. काही प्रेक्षक मैदानात उतरले, आणि पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी थेट गॅलरीत फोडली, जी फिफाच्या नियमात मैदानावर आणायलाच मनाई आहे. लोक दारांकडं धावले, दारं अरुंद आणि काही बंद. १३५ माणसं मेली, त्यात लहान मुलंही होती. परगावच्या पाठीराख्याला बंदी घातली की प्रश्न सुटतो असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाठ करावं. अर्जेंटिनानं २०१३ पासून परक्या संघाच्या प्रेक्षकांना बंदी घातली, तरी तिथल्या टोळ्या आपसात लढतातच.

उलट बाजूही आहे. २००४ ची युरो स्पर्धा पोर्तुगालमध्ये झाली. इंग्लंडचे पाठीराखे हजारोंनी येणार म्हणून धास्ती होती. मानसशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉट यांच्या अभ्यासाच्या आधारावर तिथल्या नागरी पोलिसांनी दंगलीची चिलखतं नजरेआड ठेवली, साध्या गणवेशातले शिपाई दोघा-दोघांनी गर्दीत सोडले, गप्पा मारायला, वाट दाखवायला, आणि त्रास देणारा एखादा दिसला तर तेवढ्यालाच उचलायला. त्या शहरांत मोठा दंगा झाला नाही. अल्बुफेरा या किनाऱ्यावरच्या गावी मात्र दुसऱ्या दलाचा अंमल होता, तिथं जुनीच पद्धत होती, आणि तिथं दंगा झाला. पाठीराखे तेच, देश तोच, आठवडा तोच. स्टॉट यांचं म्हणणं साधं आहे : गर्दीला सरसकट गुन्हेगार समजून वागवलं की गर्दीतला साधा माणूसही गुंडाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, कारण आता काठी दोघांनाही सारखीच बसणार असते. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेल्या कुणालाही हे वेगळं शिकवायला नको.

जर्मनीत ब्रेमेनला १९८१ पासून फुटबॉलच्या पोरांसोबत काम करणारे समाजसेवक नेमले गेले, आणि ती पद्धत पुढं देशभर गेली. पगार महापालिका, राज्य आणि फुटबॉल संघटना मिळून देतात. हे समाजसेवक पोलिसांचे खबरे नसतात, हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं, म्हणून पोरं त्यांच्याशी बोलतात. कोल्हापुरात असा माणूस प्रत्येक तालमीत फुकट उपलब्ध आहे. एकेकाळी लेफ्ट आउट खेळलेला, आता साठीला आलेला, ज्याला पोरं 'मामा' नाहीतर 'वस्ताद' म्हणतात. तो उठून उभा राहिला तर गॅलरीतला अर्धा गोंधळ बसतो. पूर्वी हे काम तोच करायचा. आता संघाचा कारभार पैसे लावणाऱ्याकडं गेला आणि मामा व्यासपीठावर हार घालण्यापुरता उरला.

खरोखर लांबचा प्रवास करणारे प्रेक्षक आपल्याकडं थोडे, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यातच. दिवाळीत गडहिंग्लजला स्पर्धा भरते तेव्हा कोल्हापूरची पोरं जातात. मिरज, बेळगाव, क्वचित गोवा. पुण्याचा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) संघ होता तेव्हा काही जण बालेवाडीला जायचे. २०१९ मध्ये तो संघ बंद झाला आणि ती सवयही. या प्रवासात धोका मारामारीचा कमी आणि रस्त्याचा जास्त असतो. २० मार्च २०२२ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आयएसएलचा अंतिम सामना होता. तो पाहायला केरळातून हजारो लोक निघाले, आणि दुचाकीवरून येणारे दोन तरुण कासरगोड जिल्ह्यातच अपघातात गेले. अशा दिवशी जादा गाड्या सोडायच्या हे कुणाचं काम, हे आपल्याकडं ठरलेलंच नाही.

आणि गर्दीचं गणित फुटबॉलपुरतंही नाही. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात ११ जण चेंगरून मेले. तिथं दोन संघ नव्हते, खुन्नस नव्हती, एकही दगड उडाला नाही. दारं किती, उघडणार कधी, आत जागा किती, हे कुणी नीट सांगितलं नाही, इतकंच. २०१७ साली दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या पहिल्या दिवशी, जिथं आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळत होता, प्रेक्षकांच्या बाटल्या बाहेर काढून घेतल्या आणि आत पाणी संपलं. उन्हात बसलेल्या शाळकरी मुलांसाठी संयोजकांना माफी मागावी लागली. आपल्या गॅलरीतही बाटल्या काढून घेतात ते योग्यच, बाटली हे हत्यार होतं. पण एप्रिल-मे महिन्यात काँक्रीटच्या तापलेल्या पायऱ्यांवर दोन तास बसलेल्या माणसाला पाणी द्यायची सोय त्याच यादीत का नसते? तहानलेली, तापलेली गर्दी लवकर पेटते, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

एकदा ईर्षेच्या सामन्यानंतर बाहेर पडताना मी दारात अडकलो. मागून लोंढा, पुढं दोन्हीकडची पोरं एकाच चिंचोळ्या वाटेनं निघालेली. कुणी कुणाला मारत नव्हतं. नुसता रेटा. माझी एक चप्पल तिथंच राहिली, शेजारचं एक सात-आठ वर्षांचं पोर मी उचलून डोक्यावर धरलं, आणि त्या चार-पाच मिनिटांत मला कळलं की आपण वर्षानुवर्षं दगडाला भितो आहोत, दाराला नाही. कोल्हापूरचं नशीब म्हणून आजवर आपल्याकडं दगडांनी डोकी फुटली, टाके पडले, सीपीआर रुग्णालयात रांग लागली, पण ईडन गार्डन्स झालं नाही. नशिबावर बंदोबस्त किती दिवस चालवणार?

माझं मत सांगतो. कोल्हापूरच्या फुटबॉलला पोलीस कमी पडत नाहीत. नियोजन कमी पडतं, आणि तालमींची जबाबदारी पळपुटी आहे. चषक जिंकला की मान तालमीचा, राडा झाला की पोरं 'बाहेरची', हे चालणार नाही. प्रत्येक संघानं आपल्या गॅलरीत वीस-पंचवीस माणसं, ओळखता येईल असं जाकीट घालून, उभी करावीत. त्यांना आधी शिकवावं, आणि आपल्या पोराला खाली बसवायचं काम पोलिसांआधी त्यांनी करावं. पोलिसांनी शिक्षा माणसाला करावी, पेठेला नाही. चित्रीकरणात ज्याचा हात स्पष्ट दिसतो त्याच्यावर गुन्हा आणि पुढचा हंगाम मैदानबंदी. 'अनोळखी साठ' ही ओळ फिर्यादीतून शक्य तितकी बाहेर. दोन्हीकडच्यांना एकाच वेळी सोडायचं नाही, आणि कोण कुठल्या रस्त्यानं जाणार हे सामन्याआधी जाहीर करायचं. विजयी मिरवणूक समोरच्या तालमीवरून नेली तर पुढच्या सामन्याचे गुण कापायचे. हे शेवटचं कठोर वाटेल. पण मिरवणूक हे एका माणसाचं काम नसतं, ती सगळ्या संघाच्या डोळ्यांदेखत निघते, आणि गुणतक्त्याची भाषा कट्ट्यावर ताबडतोब समजते.

काहीजण म्हणतील, एवढ्या खटाटोपापेक्षा स्पर्धाच बंद करा. तसं म्हणणाऱ्यांनी एकदा साध्या दिवशी, दोन मधल्या संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर यावं. नातवाला घेऊन आलेले आजोबा, शेंगदाण्याच्या पुड्या, चुकलेल्या पासवर अख्ख्या गॅलरीची एकच हळहळ, आणि गोल झाल्यावर अनोळखी माणसाच्या पाठीवर पडणारी थाप. विश्वचषकात ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे घरांवर लावणारं, मेस्सीचे मोठमोठे फलक उभारणारं हे शहर आहे. इथला फुटबॉल बंद करून काय उरेल? कट्टा राहील, ईर्षाही राहील, फक्त चेंडू नसेल.

तेव्हा विनंती केएसएला, जुना राजवाडा ठाण्याला आणि प्रत्येक तालमीच्या कारभाऱ्यांना. हंगामाची बैठक ऐन तोंडावर उरकू नका, दिवाळी उतरताच घ्या. तिला गॅलरीच्या मागच्या पायरीवर बसणारी विशीतली चार पोरं बोलवा, एखादा मामाही बोलवा, आणि टेबलावर स्टेडियमचा नकाशा ठेवून पहिला प्रश्न हाच विचारा : सामना संपल्यावर कुणी कुठल्या दारानं जायचं?